पोटातला आडपडदा

कामगार संघटनेचा माणूस शस्त्रक्रियेवर बोलावयास उभा राहिला की समोरच्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटतोच : ह्या गृहस्थांचा ह्या विषयाशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. कॉलेजची पायरीही आम्ही चढलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, करवीर नगर वाचन मंदिराच्या टेबलाशी, शब्दकोश शेजारी ठेवून. परंतु इचलकरंजीच्या यंत्रमागापासून शिरोलीच्या फौंड्रीपर्यंत गेली तीस वर्षे आम्ही आजारपणाच्या रजेचे आणि कापलेल्या पगाराचे तंटे सोडवीत आलो आहो, आणि त्या तंट्यांत एक तक्रार पुनःपुन्हा आमच्यापुढे आली आहे. 'ऑपरेशन झालं, टाके सुकले, पण पोट धरतं.' सोनोग्राफी करावी तर अहवालात दोष नाही. मालक म्हणतो ढोंग आहे, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, आणि बाई बिचारी उजव्या कुशीवर हात दाबून मागापुढे उभी असते.

ह्या पोट धरण्यामागे पुष्कळदा काय असते, ते होऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी विरघळून जाणारे कोणते पडदे तयार केले आहेत, आणि त्या पडद्यांवर भरवसा किती ठेवावा, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम पोटाच्या आतली रचना. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांबीचे असते. एवढा लांब दोर एवढ्याशा जागेत कोंबलेला असूनही त्याचा गुंता होत नाही, कारण तो सतत हलत व सरकत असतो. हे सरकणे शक्य होते ते उदरावरणामुळे. पोटाची भिंत आतून आणि आतडी, जठर, गर्भाशय हे अवयव बाहेरून ह्या एकाच अखंड अस्तराने मढवलेले असतात. त्याचा वरचा थर एकाच पेशीच्या जाडीचा, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ. तो सारा उलगडून पसरला तर जवळजवळ पावणेदोन ते दोन चौरस मीटर भरेल. सहा फूट लांब व तीन फूट रुंद सतरंजी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल. ह्या अस्तराला थोडासा ओलावा सुटतो आणि तेवढ्या वंगणावर आतडी जन्मभर एकमेकांवरून घसरत राहतात. बेअरिंगला वंगण देणाऱ्या माणसास हे अधिक समजावून सांगावयास नको.

आता ह्या अस्तराला ओरखडा पडला तर काय होते? ओरखडा पडावयास सुरीच लागते असे नाही. कापडाच्या बोळ्याने पुसले तरी तो थर खरवडतो. दिव्याच्या उजेडात आतडे उघडे राहून कोरडे पडले तरी मरतो. रक्त साचले, पू झाला, रक्तस्राव थांबविण्यासाठी विजेच्या सळईने डाग दिला, टाक्याची गाठ घट्ट बसून तेवढ्या जागेचे रक्त तुटले, तरी तेच. जखम झाली की शरीर आपले नेहमीचे काम करते : रक्तद्रवातून फायब्रिन नावाचा तंतुमय चिकट पदार्थ तेथे येऊन बसतो. हाताला कापले असता जी खपली धरते तिचे हे मूळ. हातावर त्याने काही बिघडत नाही, कारण हाताच्या जखमेला दुसरी जखम टेकलेली नसते. पोटात मात्र खरवडलेल्या जागेला शेजारचे आतडे टेकलेले असते आणि काही तासांतच दोहोंच्या मध्ये खळीसारखा चिकट थर तयार होतो.

एवढ्यावर गोष्ट बिघडत नाही. शरीरापाशी ही खळ धुऊन काढणाराही पदार्थ असतो; त्याला प्लाझ्मिन म्हणतात. साधारण तीन दिवसांत त्याने फायब्रिन विरघळवून टाकले तर आतडी मोकळी होतात आणि खाली नवे अस्तर धरते. परंतु शस्त्रक्रियेच्या धक्क्याने ह्या प्लाझ्मिनचेच बळ काही काळ खालावते. म्हणजे झाडूवाल्याची सर्वांत अधिक गरज ज्या दिवशी, त्याच दिवशी तो रजेवर. तीन दिवसांनंतर जेथे खळ उरली असेल तेथे तिच्या तंतूंवरून शरीराच्या बांधकामी पेशी चढू लागतात. त्या आपल्याबरोबर बळकट धागा आणतात, मागून बारीक रक्तवाहिन्या येतात, मज्जातंतूही येतात. मग तो चिकट थर राहत नाही, कायमचा पट्टा होतो. डॉक्टर त्याला 'अ‍ॅडहेजन' म्हणतात. आपल्याकडे 'आतडी चिकटली' म्हणतात. आपला शब्द अधिक बोलका आहे.

येथे निसर्गाची एक खुबी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. कातडीची जखम कडेकडेने भरत येते, म्हणून मोठ्या जखमेला अधिक दिवस लागतात. उदरावरणाचे तसे नाही. त्याच्या नव्या पेशी खरवडलेल्या जागेवर ठिकठिकाणी बेटांसारख्या उगवतात आणि ती बेटे एकमेकांस मिळतात. त्यामुळे जागा रुपयाएवढी असो की तळहाताएवढी, नवे अस्तर साधारण पाच ते आठ दिवसांत तयार होते. तेव्हा दोन ओल्या जागा एकमेकींपासून आठवडाभर दूर ठेवता आल्या तर काम झाले. त्यापुढे त्या चिकटणार नाहीत.

आमच्या जिल्ह्यातील गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे त्याला हे चटकन पटेल. साच्यात फडके अंथरल्यावाचून गूळ ओतला तर ढेप निघता निघत नाही. फडक्याची गरज गूळ गरम असेपर्यंतच. ढेप थिजली की फडके सोडवून घ्यावयाचे. पोटातही असेच फडके अंथरावयाचे आहे. अडचण एवढीच की पोट शिवून झाल्यावर ते फडके काढावयास पुन्हा पोट उघडणे शहाणपणाचे नाही. म्हणून ते आठवडाभर टिकले पाहिजे आणि त्यानंतर आपले आपणच नाहीसे झाले पाहिजे. सारे संशोधन ह्या एका वाक्यात आले.

पडद्यांकडे वळण्यापूर्वी ह्या चिकटण्याने नुकसान किती होते ते पाहू. लंडनचे शल्यचिकित्सक हॅरल्ड एलिस व त्यांचे सहकारी मेन्झीस ह्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या २१० रोग्यांपैकी ९३ टक्क्यांच्या पोटात असे पट्टे सापडले. म्हणजे चिकटणे हा अपवाद नव्हे, नियमच. सुदैव असे की बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांचा हिशेब एलिस ह्यांच्याच मंडळीने स्कॉटलंडमधील रुग्णालयांच्या नोंदींवरून १९९९ साली मांडला. २९,७९० रोगी, दहा वर्षांचा काळ. त्यांतील सुमारे एक तृतीयांश रोग्यांना ह्या चिकटण्याशी निश्चित अथवा संभाव्य संबंध असलेल्या कारणाने अथवा पोटाच्या पुढील शस्त्रक्रियेसाठी, सरासरी दोनदा पुन्हा रुग्णालयात यावे लागले. ज्यांत संबंध निश्चित होता अशा वेळा साऱ्या पुनर्भरतीच्या पावणेसहा टक्क्यांजवळ भरल्या.

त्रासाचे प्रकार तीन. पट्ट्याखाली आतडे अडकून मार्ग बंद होतो. हा सर्वांत भयंकर. पोटात थांबून थांबून कळा येणे, उलट्या, पोट फुगणे, आणि शौच व वायू दोन्ही बंद होणे ही लक्षणे पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या माणसात एकत्र दिसली, तर ओवा-हिंग चोळीत रात्र काढू नये, रुग्णालय गाठावे; मग ती शस्त्रक्रिया वीस वर्षांपूर्वीची का असेना. दुसरा प्रकार स्त्रियांचा : गर्भनलिकेभोवती पट्टे पडून मूल राहत नाही. तिसरा त्रास पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कळतो. पहिल्या सिझेरियननंतर मूत्राशय वर ओढले जाऊन चिकटले असेल, तर दुसऱ्या वेळी सर्जनची सुरी सोपी जागा शोधीत बसते. नेदरलँड्समधील २००० सालच्या एका अभ्यासात, पोट पुन्हा उघडण्याच्या २७० शस्त्रक्रियांपैकी ५२ मध्ये चिकटलेले आतडे सोडविताना नकळत भोक पडले होते. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीप्रमाणे बाळंतपणांपैकी २५.४ टक्के सिझेरियनने झाली. चारांतील एक! तेव्हा हा विषय परदेशी पुस्तकातला राहिलेला नाही.

आणि वेदना? ती असू शकते; पण येथे आम्ही कामगारांच्या बाजूचे असूनही दोन्ही बाजू सांगणार. हे पट्टे साध्या सोनोग्राफीत व क्ष-किरणात बहुधा दिसत नाहीत, म्हणून अहवालात दोष नाही एवढ्यावरून बाई खोटे बोलते असा निष्कर्ष काढणे हा अडाणीपणा आहे. तथापि प्रत्येक पोटदुखी चिकटण्यानेच होते असेही नाही. आपल्या देशात पोटाच्या क्षयानेही आतडी चिकटतात, आणि त्याचा इलाज औषधांनी होतो. शिवाय नेदरलँड्समध्येच १०० रोग्यांवर एक नेटकी परीक्षा झाली, तिचा निकाल २००३ साली आला. निम्म्यांचे पट्टे दुर्बिणीतून कापले, निम्म्यांचे नुसते पाहून सोडून दिले. वर्षभराने दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झालेले आढळले. तेव्हा केवळ दुखते म्हणून 'पट्टे कापून घ्या' असा सल्ला कोणी दिला तर शंभरदा विचार करावा. कापलेल्या जागी नवे पट्टे धरतात.

आता आमचा खरा जिव्हाळ्याचा भाग. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या फडावर बीडकडची जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत खाडा परवडत नाही, कारण खाड्याला दंड असतो. बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढविते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ह्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून पुढे आला आणि शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहांतून एक. अंगावर पांढरे जाणे, पाळीचा त्रास, पोटात दुखणे अशा, बऱ्याच वेळा औषधांनी हटणाऱ्या तक्रारींवर पिशवी काढून मोकळे होण्याचा सल्ला मिळाला, आणि पाळीचे खाडे वाचतील म्हणून तो मानलाही गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता ह्यांच्या याचिकेवर एप्रिल २०२३ मध्ये निकाल देऊन, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंमलात आणण्यास राज्यांना सांगितले.

ह्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली. ती बहुधा शस्त्रक्रियेपाशी थांबली. शस्त्रक्रियेनंतर त्या पोटात काय होते, हे फार थोड्यांनी विचारले. गर्भाशय काढल्यावर तेथे अस्तराविना राहिलेली जागा असते आणि तिच्यावर लहान आतडे व आतड्यांवरची चरबीची झालर येऊन टेकते. स्त्रियांच्या शस्त्रक्रियांत चिकटण्याची भीती जेथे अधिक, त्यांत हिची गणना होते. आता ह्याच बाईला कळ आली तर ती कोठे असते? बीडला नव्हे. ती असते कागल-शिरोळच्या एखाद्या फडावर, खोपटात. जिने शस्त्रक्रिया झाली तो कागद गावी पत्र्याच्या पेटीत आहे. येथल्या डॉक्टरला काय कापले, कसे कापले, काहीच ठाऊक नाही. कारखान्याच्या कायम कामगाराचे वा गिरणी कामगाराचे ठीक आहे. राज्य विमा योजनेत नाव असले तर आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. तोडणीवालीचे नाव त्या वहीत नाहीच. तिला कळ येते तो दिवस खाडा.

म्हणून पडद्यांचे शास्त्र आम्ही श्रीमंतांच्या रुग्णालयाची नवलाई म्हणून सांगत नाही.

पडद्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पोट उघडून आतड्यातील अडथळा काढल्यावर आतड्यांस मध व तूप लावून ती जागच्या जागी बसवावीत असे सांगितले आहे. एवढ्यावरून 'आमच्याकडे सारे होतेच' म्हणून छाती फुगविण्याचे कारण नाही. परंतु उघडे आतडे कोरडे पडू देऊ नये ही जाण त्यात दिसते, आणि ती आजही खरी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बैलाच्या उदरावरणाचे पापुद्रे लावून पाहिले. तेले ओतून पाहिली. माशाच्या पिशव्याही वापरून झाल्या. बहुतेक उपायांनी चिकटणे वाढलेच, कारण शरीराला परकी वस्तू दिसली की ते तिच्याभोवती अधिकच विणकाम करते. पुढे न विरघळणारा, टेफ्लॉनच्या जातीचा पातळ पत्राही निघाला. तो चिकटत नाही खरा, पण टाके घालून बसवावा लागतो आणि कित्येकदा काढावयास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

यश मिळाले ते तीन वाटांनी, आणि गंमत अशी की तिन्ही वाटा आपल्या माणसांच्या रोजच्या धंद्यावरून जातात.

पहिली वाट कापडाची. कापूस काय, लाकूड काय, मूळ द्रव्य सेल्युलोज. माणसाच्या शरीरात सेल्युलोज पचविण्याची सोय नाही, म्हणून पोटात चुकून राहिलेला सुती बोळा वर्षानुवर्षे तसाच राहतो. १९४०च्या सुमारास अमेरिकन रसायनज्ञांनी सेल्युलोजवर नायट्रोजन डायऑक्साइड वायूचा प्रयोग केला. त्याने सेल्युलोजच्या साखळीत जागोजागी आम्लाचे गट बसले आणि ती साखळी शरीराच्या ओलाव्यात तुटू लागली. तुकडे लहान होत होत शेवटी पेशी ते गिळून टाकतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टर व्हर्जिनिया फ्रँट्झ ह्यांनी असे कापड रक्त थांबविण्यासाठी वापरून दाखविले. पुढे लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढून, त्याचे जाळीदार विणीव कापड करून, मग त्यावर ती प्रक्रिया करण्याची रीत बसली. ह्याच जातीच्या एका कापडाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ साली पोटातला पडदा म्हणून मान्यता दिली. त्याचे बाजारी नाव 'इंटरसीड'. खरवडलेल्या जागेवर ते ओलसर चिकटते, काही तासांत चिकट गरासारखे होते, आणि सुमारे चार आठवड्यांत नाहीसे होते. त्याची खोड एकच, पण मोठी : रक्त. जागा कोरडी झाली नसेल तर कापड काळे पडते आणि पडद्याऐवजी खळच बनते. रक्तस्राव पुरता थांबविल्यावाचून ते लावणे म्हणजे ओल्या भिंतीला चुना.

दुसरी वाट खळीची. इचलकरंजीतल्या सायझिंगच्या कामगारांस आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसले होते. ताण्याचे सूत मागावर चढविण्यापूर्वी त्याला खळ देतात. हेतू काय? सुताची पिसे दबावीत, शेजारचा धागा शेजारच्यास धरू नये, आणि विणून झाले की खळ धुऊन जावी. त्या कामी स्टार्चबरोबर कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज, ज्याला कारखान्यात नुसते सीएमसी म्हणतात, तेही वापरले जाते. हेच सीएमसी, अर्थात औषधी शुद्धतेचे, आणि त्याच्या जोडीला हायल्युरॉनिक आम्ल, असे मिळून एक पारदर्शक पापुद्रा करतात. हायल्युरॉनिक आम्ल हे आपल्या सांध्यातील व डोळ्यातील बुळबुळीत द्रव्य; १९३४ साली कार्ल मायर व जॉन पामर ह्यांनी ते बैलाच्या डोळ्यातून वेगळे केले, पुढे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढीत, आता जंतूंकडून आंबवून काढतात. नुसते हायल्युरॉनिक आम्ल पोटातून फार लवकर निघून जाते, म्हणून त्यात रासायनिक बदल करून ते आठवडाभर टिकेल असे केले आहे. 'सेप्राफिल्म' ह्या नावाने ह्या पापुद्र्याला १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. लावल्यावर एकदोन दिवसांत त्याचा ओला गर होतो, सुमारे सात दिवस तो जागेवर राहतो, आणि महिन्याभरात शरीराबाहेर जातो. हा पापुद्रा सुका असताना भाजलेल्या पापडासारखा ठिसूळ. ओल्या हातमोज्यास लागला की तेथेच चिकटतो. एका तुकड्याचे माप सुमारे तेरा बाय पंधरा सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडे मोठे. आणि पोटाचे अस्तर सतरंजीएवढे. हे प्रमाण लक्षात ठेवावे.

तिसरी वाट पातळ पाण्याची. जागा कोठे कोठे खरवडली हे नक्की नसेल तर पोटात द्रवच भरून आतडी तरंगत का ठेवू नयेत? साधे मिठाचे पाणी भरले तर ते साधारण दिवसभरात शोषले जाते. म्हणून मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या आयकोडेक्स्ट्रिन नावाच्या मोठ्या रेणूंच्या पदार्थाचा चार टक्क्यांचा द्रव वापरतात. मोठे रेणू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे तो काही दिवस राहतो, आणि हळूहळू रक्तात जाऊन साखरेत मोडतो. दुर्बिणीतून केलेल्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियांसाठी ह्याला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली.

ह्याशिवाय दुधाच्या आम्लापासून केलेले पडदेही आहेत. आजचे विरघळणारे टाके ज्या जातीच्या द्रव्यांचे असतात त्याच कुळातले. हे आम्ल साखर आंबवून काढता येते. पुणे जिल्ह्यात जेजुरीला २०२४ साली अशा जैव प्लास्टिकचा प्रात्यक्षिक कारखाना निघाला आहे. तो पोटात घालावयाचे काही करीत नाही, पण उसापासून शस्त्रक्रियेच्या टाक्यापर्यंतची वाट रसायनशास्त्रात मोकळी आहे एवढे त्यावरून दिसते. जिने तो ऊस तोडला तिच्या पोटापर्यंत ती वाट पोचते की नाही, ते रसायनशास्त्राच्या हाती नाही.

नवे म्हटले की चांगलेच, असे मानणाऱ्यांसाठी एक हकीकत. हायल्युरॉनिक आम्लात लोह मिसळून केलेला 'इंटरजेल' नावाचा गर अमेरिकेत २००१ साली मान्य झाला. परीक्षांत तो चांगला ठरला होता. बाजारात आल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनांच्या व इतर तक्रारी येऊ लागल्या आणि २००३ साली उत्पादकांनी तो मागे घेतला. विरघळणारी वस्तू झाली म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. विरघळताना ती काय करते ते पाहावे लागते.

मग जे टिकले ते किती उपयोगी? चिकटण्याचे प्रमाण व जोर ते कमी करतात, हे निःसंशय. परंतु पट्टे कमी झाले म्हणजे रोगी सुखी झाला असे आपोआप होत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत आतड्याचा भाग काढलेल्या १,७९१ रोग्यांपैकी काहींना सेप्राफिल्म लावला, काहींना नाही. आतडे अडण्याचे एकूण प्रमाण दोन्हीकडे सारखेच, बारा टक्के. मात्र पट्ट्यांमुळे अडून शस्त्रक्रिया करण्याची पाळी पडदा नसलेल्यांत ३.४ टक्क्यांवर आली, तर पडदा असलेल्यांत १.८ टक्क्यांवर. लाभ खरा आहे, पण शंभरांत दीडदोन माणसांचा. आणि आतड्याच्या ताज्या जोडावर तो पापुद्रा गुंडाळला तर जोड गळण्याचे प्रमाण वाढते, असे ह्याच पाहणीच्या आधीच्या भागात दिसून आले. जेथे मांस जुळावयाचे आहे तेथे आडपडदा नको.

पडद्यापूर्वी हाताचा विचार करावयाचा असतो, आणि त्यास पैसा लागत नाही. आतडी ओली ठेवणे, बोळ्याने रगडून न पुसणे, रक्त व गुठळ्या धुऊन काढणे, नको तेथे डाग न देणे. हातमोज्यांना पूर्वी शंखजिऱ्याची पूड लावीत, नंतर स्टार्चची. ती पूड पोटात पडून चिकटण्याचे निमित्त होते हे पुष्कळ वर्षे ठाऊक असूनही अमेरिकेने पुडीचे हातमोजे बंद केले ते जानेवारी २०१७ मध्ये. कामगाराच्या फुप्फुसातील धुळीचा कायदा होण्यासही असाच वेळ लागतो. त्यामुळे आम्हांला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा फायदा मात्र ठळक आहे. स्कॉटलंडमधील ७२,२७० रोग्यांची पाच वर्षांची नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली. निश्चितपणे चिकटण्यामुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ४.३ टक्के, तर दुर्बिणीनंतर १.७ टक्के होते. आणि जी शस्त्रक्रिया करावयासच नको होती ती टळली तर पट्टाही नाही, पडद्याचा खर्चही नाही. बीडच्या त्या तेरा हजार बायकांपैकी जिची पिशवी औषधाने वाचली असती, तिच्यासाठी जगातला सर्वांत चांगला पडदा हाच होता.

खर्चाचे सांगावयाचे तर एका पडद्याला काही हजार रुपये पडतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेची रक्कम ठरीव असते. तीतून सर्जनने हे जास्तीचे कोठून घालावे? सरसकट प्रत्येक पोटात पडदा हवा अशी मागणी आम्ही करणार नाही, कारण पुरावा तेवढा नाही. परंतु मूल हवे असलेल्या तरुण बाईची बीजकोशावरील वा गर्भाशयाच्या गाठीवरील शस्त्रक्रिया, आणि पट्ट्यांमुळेच आतडे अडून पुन्हा पोट उघडावे लागलेला रोगी, ह्या दोन ठिकाणी तरी त्याचा खर्च योजनेने वेगळा धरावा, असे आमचे मत आहे.

आणि कागद. आमच्या कचेरीत आम्ही आता प्रत्येक सभासदाला सांगतो की रुग्णालयातून निघताना नुसते बिल घेऊ नये, शस्त्रक्रियेची टीप मागून घ्यावी. ती मागणे हा रोग्याचा हक्क आहे. तीत तीन गोष्टी आहेत की नाहीत ते शिकलेल्या पोराकडून वाचून घ्याव्यात : पोट उघडून केली की दुर्बिणीतून, आत काही चिकटलेले आढळले काय आणि कोठे, आत काही ठेवले असेल तर कोणते. पडद्याच्या खोक्यावर नाव व तुकडी क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते, ती त्याच कागदावर लावून मागावी. मग त्या कागदाची झेरॉक्स काढून एक प्रत गावच्या पेटीत ठेवावी आणि दुसरी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, फडावर जाताना भाकरीच्या पिठाच्या डब्यात.